नागपूरच्या घरातली हवा कशी सुधारायची: नवख्यांसाठी, पहिल्या पायरीपासून

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, एअर प्युरिफायर या लेखात सगळ्यात शेवटी येणार आहे. दिवाळीच्या सुमारास हवेच्या बातम्या सुरू झाल्या की लोक आधी मशीनच्या किमती विचारतात, अन् घरात पाहाल तर सकाळ-संध्याकाळ धूप चालू, किचनचा एक्झॉस्ट फॅन तेलकट होऊन बंद पडलेला, बेडरूममध्ये रात्रभर कॉइल. अशा घरात कितीही भारी मशीन आणून लावली तरी ती आपल्याच घरचा धूर गिळत बसणार. म्हणून क्रम असा ठेवा: घरात धूर-धूळ तयार होणंच कमी करा, जे तयार होतंच ते बाहेर फेका, खिडक्या मोसम बघून उघडा, झाडू-पोछ्याची पद्धत बदला, अन् एवढं करूनही गरज उरली तरच मशीन.

दुसरी गोष्ट, इंटरनेटवर या विषयावरचे सल्ले बहुतेक एकतर दिल्लीचे असतात नाहीतर अमेरिकेचे. त्यात घर बंद आहे असं धरलेलं असतं, आपल्या घरात मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर गरगरत असतो आणि तो बाहेरची हवा सरळ आत ओततो. त्यामुळे तिकडचं जसंच्या तसं इथं चालत नाही.

सगळ्यात आधी, जीवावरचं

हवा "सुधारणं" वगैरे नंतर, आधी गॅस गीझर बघा. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझर, त्यात थंडीचे दिवस म्हणून खिडकी बंद, दाराखाली फटसुद्धा नाही, अशा ठिकाणी ज्वलनाला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं अन् मग उठून कडी काढायचंही त्राण राहत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत बसवा, पाणी पाइपनं आत आणा. ते होईपर्यंत बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, दार उघडं ठेवून थोडी हवा खेळू द्यायची, मग आंघोळ.

तसंच डिसेंबर-जानेवारीत पारा खाली गेला की काही घरांत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात. हे अजिबात करायचं नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर नाहीच नाही, आजी कितीही म्हणो. कोणाला असा त्रास झाला तर आधी त्याला उघड्यावर आणा, गॅस बंद करा आणि १०८ लावा.

बाहेरची हवा बघायची सवय

फोनमध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" ॲप टाका, फुकट आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर, अंबाझरी, महाल आणि रामनगर इथं मोजणी केंद्रं आहेत, आपल्याला जवळचं असेल ते बघायचं. एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा निर्देशांक, ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे खराब, ३०० च्या पुढे अति खराब आणि ४०० नंतर गंभीर, एवढं पाठ झालं तरी पुरे.

आता एक घोळ सगळ्यांचा होतो. एक्यूआय म्हणजे पीएम २.५ चा आकडा नव्हे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, जे फुप्फुसात खोलवर जातात, अन् त्याचं माप एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम असं असतं. भारताची २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली १५. घरात हवा मोजायच्या छोट्या मीटरवर दिसतो तो बहुतेक पीएम २.५ चा त्या क्षणाचा आकडा आणि ॲपमध्ये दिसतो तो २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला एक्यूआय, म्हणून दोन्ही जुळत नाहीत म्हणून मीटर खराब आहे असं समजू नका.

नागपूरची हवा दिल्लीएवढी वाईट नाही हे खरं, पण राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला त्याच्या शहरांच्या यादीत आपण आहोतच. रस्त्याची धूळ, सिमेंट रोडचं खोदकाम, फ्लायओव्हर, बेसा-मानेवाड्याकडची न संपणारी बांधकामं, वाडीकडचे ट्रक, उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, उन्हाळ्यात भांडेवाडीच्या कचऱ्याला लागणारी आग, अन् सकाळी सकाळी सोसायटीच्या कोपऱ्यात पालापाचोळा पेटवणारे आपलेच लोक. नीरीसारखी देशातली पर्यावरण संशोधनाची मोठी संस्था या शहरात आहे आणि आपण तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत कचरा जाळून राहिलो, असो.

मीटर घ्यायचाच असेल तर लेझर सेन्सरवाला साधा घ्या, मित्राकडून आठवडाभर उसना मिळाला तरी काम होतं. आकडा अगदी अचूक नसला तरी कधी वाढतो अन् कधी उतरतो हे कळतं, आणि आपल्याला तेच पाहिजे. एक लक्षात ठेवा, हवेत खूप ओलावा असला की हे स्वस्त मीटर आकडा फुगवून दाखवतात, म्हणून कूलरच्या तोंडासमोर किंवा पावसाच्या झडीत दिसलेल्या आकड्यावर घाबरून निर्णय घेऊ नका.

किचन, इथं सगळ्यात जास्त फायदा

मीटर किचनच्या ओट्यापासून चार हात दूर ठेवा आणि घरात सावजी रस्सा होणार असेल तो दिवस निवडा. खोबरं, खसखस, मसाला भाजेपर्यंत आकडा थोडा थोडा चढतो. मग तेल तापतं, कढईच्या कडेला पहिली निळसर धुराची रेघ निघते, तिखट पडतं, हॉलमध्ये बसलेला माणूस खोकतो, अन् मीटर बघता बघता तीन आकड्यांत. गंमत म्हणजे खोकला थांबतो, वास मुरतो, सगळे जेवून उठतात, तरी खिडक्या बंद असतील तर आकडा बराच वेळ वरच बसून राहतो. डोळ्यांना झोंबायचं थांबलं म्हणजे हवा साफ झाली असं नसते.

तर्रीवाला रस्सा सोडा असं मी म्हणत नाहीये, नागपुरात राहून ते म्हणायची हिंमत पण नाही. धूर बाहेर जायची सोय करा.

सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात कामाचा म्हणजे भिंतीतला एक्झॉस्ट फॅन. हिशोब असा की किचनमधली हवा तासाला साधारण १५ वेळा बदलली पाहिजे. ८ बाय १० फुटांचं किचन, उंची १० फूट, म्हणजे ८०० घनफूट, त्याच्या १५ पट १२,००० घनफूट, म्हणजे तासाला जवळजवळ ३४० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो, त्यापेक्षा जास्त असलेला घ्या कारण जाळी आणि तेल जमल्यावर तो कमीच होतो. आवाज करतो म्हणून लोक लावत नाहीत, तेव्हा घेताना दुकानात चालू करून ऐका.

बसवून झाला की एक टेस्ट लगेच, इलेक्ट्रिशियन घरात असतानाच करा.

"भाऊ, हा हवा बाहेर फेकून राहिला की आत घेऊन राहिला?"

"बाहेरच फेकते ना दादा, एक्झॉस्ट म्हणजे बाहेरच."

असं तो म्हणेलच. तुम्ही पेपरची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, एक टोक धरून जाळीसमोर न्या. पट्टी जाळीकडे ओढली जाऊन चिकटली तर ठीक, तुमच्या तोंडावर फडफडली तर पंखा उलटा बसलाय किंवा कनेक्शन उलटं झालंय, भाऊंना शिडीवर परत चढवा.

आता पुढचं, जे कोणी सांगत नाही. पंख्याच्या अगदी शेजारची खिडकी उघडी ठेवली तर पंखा तिथलीच बाहेरची हवा ओढून परत बाहेर फेकतो, गॅसवरचा धूर जागच्या जागी. किचनची जवळची खिडकी बंद करा आणि हॉलची किंवा मागच्या खोलीची लांबची खिडकी थोडी उघडा, म्हणजे हवा घरातून वाहत किचनकडे येते आणि धूर घेऊन जाते. फोडणी टाकायच्या आधी पंखा लावा, स्वयंपाक झाल्यावर अजून पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या.

चिमणी घेणार असाल तर एकच प्रश्न विचारा, डक्ट बाहेर जातो का. बिनडक्टची चिमणी तेलाचे थेंब आणि थोडा वास अडवते आणि हवा परत किचनमध्येच सोडते, गॅस जळताना होणारा नायट्रोजन डायऑक्साइड तर तसाच फिरून तुमच्या नाकात. डक्टचा पाइप जितका सरळ आणि छोटा तितकं चांगलं, चार वळणं घेऊन गेला की ओढ कमी होते. आणि मागच्या बर्नरवर धुराचं काम करा, पुढच्यावर वरण-भात, कारण चिमणीची पकड मागे जास्त असते.

बर्नरची ज्योत निळी पाहिजे. पिवळी होऊन राहिली किंवा भांड्यांची बुडं काळी पडून राहिली तर बर्नरची भोकं बुजली आहेत, काढून सुईनं अन् ब्रशनं साफ करा. चुलीवर किंवा शेगडीवर वांगी भाजायची असतील तर अंगणात, गच्चीवर.

देवघर आणि मच्छर

इथं घराघरात भांडण लागायची शक्यता आहे म्हणून जपून लिहितो. अगरबत्ती, धूप, कापूर, हे सगळं जळतं अन् त्यातून बारीक कण निघतात, देवासाठी लावलं म्हणून फुप्फुस ते वेगळं मोजत नाही. आईला किंवा सासूबाईंना "बंद करा" म्हणू नका, ऐकणार नाहीत. देवघर खिडकीजवळ असेल तर ती खिडकी आरतीपुरती उघडा, पाच काड्यांऐवजी एक, धूप गुरुवारी-पौर्णिमेला, रोजचं तेलाचं किंवा तुपाचं निरांजन. घरात दमा असलेलं लेकरू असेल तर तेवढं कारण बहुतेक आज्यांना पटतं, नातवापुढे त्यांचं काही चालत नाही.

मच्छरांची कॉइल मात्र घरातून काढाच, यावर तडजोड नको. एक अख्खी कॉइल जळताना निघणारे पीएम २.५ कण वजनानं ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरतात असा २००३ मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे, अन् आपण ती दार बंद करून पलंगाखाली ठेवून झोपतो. मच्छर पळवायच्या अगरबत्त्या स्वस्तात मिळतात, त्यातल्या कित्येकींवर कीटकनाशकाचा नोंदणी नंबरसुद्धा नसतो. कडुनिंबाचा पाला जाळायची जुनी रीत आहे, नैसर्गिक असली तरी धूर तो धूरच. लिक्विडचं मशीन धूर करत नाही पण औषध हवेत सोडतंच, तेव्हा झोपायच्या आधी तास-दोन तास लावून बंद करा, रात्रभर नको.

खरा उपाय जुनाच, मच्छरदाणी. आणि खिडक्यांना जाळ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला ईडा-पीडा घेऊन जा म्हणतो खरं, पण मच्छर काही तिच्यासोबत जात नाही, तो कूलरच्या टाकीत अंडी घालून बसलेला असतो.

कूलर

कूलरबद्दल लोकांचा समज असा की तो हवा खराब करतो. मला उलट वाटते. नीट ठेवलेला कूलर म्हणजे उन्हाळ्यात घरात सगळ्यात जास्त ताजी हवा आणणारं यंत्र, एसीमध्ये तीच ती हवा रात्रभर फिरते, कूलरमध्ये सतत नवी येते. फक्त "नीट ठेवलेला" हे महत्त्वाचं.

सीझनच्या आधी, होळीच्या आसपास, टाकी रिकामी करून आतल्या भिंती ब्रशनं घासून घ्या. नुसतं पाणी ओतून चालत नाही कारण डेंग्यूचा एडिस मच्छर पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवतो अन् ती अंडी कोरडी राहून कित्येक महिने टिकतात, पाणी भरलं की फुटतात. नंतर दर आठवड्याला एक दिवस ठरवा, रविवार म्हणा, टाकी पूर्ण रिकामी, घासून, थोडा वेळ कोरडी. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची अट. महापालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा "आताच साफ केला साहेब" म्हणणारे पुष्कळ आहेत, साहेबांना टॉर्च मारल्यावर आत वळवळणाऱ्या अळ्या दिसतात.

ताट्यांमधलं, म्हणजे कूलरच्या बाजूच्या जाळ्यांमधलं वूडवूल (लाकडाच्या बारीक तारांचं गवत) दर सीझनला नवीन भरा. गेल्या वर्षीचं ओलं राहून काळं पडलेलं, कुबट वास मारणारं गवत तसंच चालू केलं तर बुरशीचे कण थेट पलंगावर येतात, मग "उन्हाळ्यात सर्दी कशी झाली" म्हणून आपण आइस्क्रीमला शिव्या देतो. नवीन गवत भरल्यावर पंप चालवून पहिलं पाणी फेकून द्या, त्यात भुसा अन् रंग उतरतो. हनीकोंब पॅड असेल तर तो जास्त टिकतो पण आपल्या जड पाण्याचे पांढरे क्षार त्यात जमतात, मऊ ब्रश आणि पाण्याची धार, एवढं महिन्यातून एकदा. टाकीत अत्तर, फिनाइल, गुलाबपाणी, काही टाकू नका. रोज सकाळी बंद करताना आधी पंप बंद करा आणि पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा म्हणजे ताट्या सुकतात आणि वास येत नाही.

आता हवेचा हिशोब. कूलर जेवढी हवा आत टाकतो तेवढी बाहेर जायला जागा पाहिजे, नाहीतर खोली दमट होते, अंग चिकचिक करतं. समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं, शक्यतो ज्या खोलीत झोपता तिच्या पलीकडचं, म्हणजे हवा तुमच्यावरून जाईल. कूलर कुठल्या बाजूला ठेवलाय हेही बघा. खाली गाड्या गरम करायचं पार्किंग असेल, नाली असेल किंवा शेजारच्या संडासाचा डक्ट असेल तर तेच सगळं आत येणार. ओल्या ताट्या मोठी धूळ अडवतात, बारीक पीएम २.५ फारशी अडवत नाहीत, म्हणून समोर बांधकाम चालू असेल किंवा कचरा जळून राहिला असेल तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवून पंख्यावर काढा. पारा ४५ च्या वर असताना हे सांगणं सोपं आहे, माहिती आहे मला.

पाऊस लागला की कूलर बंद. जूनच्या शेवटी बाहेरची हवाच दमट असते, कूलर थंड तर करत नाही, वरून भिंतींना ओल देतो.

खिडकी कधी उघडायची

सकाळची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण हिवाळ्यात ते खरं नाही. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्या जवळची थंड हवा खाली बसते आणि वर गरम हवेचं झाकण लागल्यासारखं होतं, गाड्यांचा, शेकोट्यांचा, कचऱ्याचा धूर त्यात अडकून राहतो. ऊन चढलं की ते झाकण मोडतं. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी खिडक्या दुपारी बारा ते चारच्या दरम्यान मोकळ्या करा, पहाटे आणि दिवेलागणीला बंद. फुटाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्या दमेकरी काकांनी पण वेळ जरा पुढे ढकलली तर बरं.

उन्हाळ्यात याच्या उलट, पहाटेपासून आठ-साडेआठपर्यंत सगळं उघडं, मग बंद, दुपारच्या गरम वाऱ्यासोबत धूळ येते. पावसाळ्यात पावसानं हवा धुतलेली असते, झड थांबली की बिनधास्त उघडा. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाके सुरू व्हायच्या आधी बंद करून टाका आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उघडा, मधल्या वेळात घरात निदान अगरबत्ती तरी नको.

झोपायच्या खोलीचं वेगळं. दार-खिडकी बंद, तिघं जण, एसी चालू, तर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग) वर सहज जातो, बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. यानं मरत नाही कोणी, पण सकाळी डोकं जड, झोप झाल्यासारखी वाटत नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच थंड करतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. झोपायच्या आधी दहा मिनिटं सगळं उघडा आणि रात्री दाराला चार बोटं फट ठेवा. एसीची आतली जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, ती फक्त मोठी धूळ अडवते, तिला प्युरिफायर समजू नका.

ओल अन् बुरशी

जुलै-ऑगस्टमध्ये कपाटामागची भिंत बघा. पोपडे, काळे ठिपके, कुबट वास असेल तर वरून रंग मारून काही होत नाही, पाणी कुठून येतं ते शोधा, गच्चीची गळती, वरच्या फ्लॅटचं बाथरूम किंवा बाहेरच्या भिंतीची भेग. ते दुरुस्त झाल्यावरच पोपडे खरवडून, मास्क लावून, पुसून, सुकवून मग रंग. कपाटं भिंतीपासून चार बोटं सरकवा. ओले कपडे बेडरूममध्ये दोरीवर वाळवायचेच असतील तर त्या खोलीचा पंखा चालू आणि खिडकी उघडी. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र मिळतं, आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही.

झाडू, पोछा, चादरी

कोरडा झाडू धूळ काढतो त्यापेक्षा जास्त उडवतो. पंखा बंद, खिडकी उघडी, झाडू जमिनीला लावून हळू, आणि लगेच ओला पोछा. कामाला येणाऱ्या ताईंना घाई असते, पंखा चालू असतानाच झाडतात, त्यांना एकदा समजावून सांगा अन् पंखा तुम्ही स्वतः बंद करा. फर्निचरवर पिसांचा झटकणी ब्रश नको, ओलसर फडकं.

सीलिंग फॅनच्या पात्यावर जुनी उशीची खोळ चढवा आणि ओढत काढा, सगळी धूळ खोळीत येते, पलंगावर एक कण नाही. खिडकीच्या जाळ्या उन्हाळ्यात दर महिन्याला धुवा, धुळीनं बुजलेली जाळी मच्छर अडवते तशी हवा पण अडवते. चपला दाराबाहेर. चादरी-खोळी आठवड्याला, गरम पाण्यात, ६० अंशांचं पाणी धुळीतल्या बारीक किड्यांना मारतं. गाद्या मे महिन्यात गच्चीवर टाका, एवढं फुकटचं ऊन मिळते तर त्याचा फायदा घ्या.

वासाच्या गोष्टी

नवीन रंग, नवीन प्लायवूडचं कपाट, पॉलिश, यांचा वास म्हणजे हवेत उडणारी रसायनं. रंगकाम मार्च-एप्रिलमध्ये काढा, खिडक्या उघड्या ठेवता येतात, आणि त्या खोलीत निदान काही दिवस बाळाला झोपवू नका. रूम फ्रेशनरनं हवा साफ होत नाही, वासावर वास चढतो. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत अजिबात नको, जी सिक्स पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्यातल्या नॅफ्थलीननं फुटू शकतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला कपड्यांत ठेवा, जाळण्यापेक्षा तिथं तो जास्त कामाचा.

झाडांबद्दल विचारालच. स्नेक प्लांट, मनी प्लांट लावा, छान दिसतात, पण हवा त्यांच्या भरवशावर सोडू नका. १९८९ चा नासाचा तो प्रसिद्ध प्रयोग बंद डब्यासारख्या छोट्या चेंबरमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. तेवढ्यात गोरेवाड्याचं जंगल घरात येईल.

अन् आता प्युरिफायर

घरात दमा, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार), हृदयाचा त्रास, तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल, किंवा घर अगदी मोठ्या रस्त्याला लागून असेल तर घ्या, पैसे वाया नाहीत. बाकीच्यांनी वरचं सगळं करून एक हिवाळा काढावा आणि मग ठरवावं असं माझं मत.

घेताना दोनच गोष्टी बघा. पहिली, खरा हेपा फिल्टर, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, "हेपा टाइप", "हेपा सारखा" असलं लिहिलेलं नको. दुसरी, सीएडीआर म्हणजे तासाला किती साफ हवा देतो. खोलीची हवा तासाला पाच वेळा फिरली पाहिजे असं धरा. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे १,२०० घनफूट, पाचपट ६,०००, म्हणजे १७० घनमीटर. खोक्यावरचा आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडवर आवाजानं झोप येत नाही, म्हणून मधल्या स्पीडवर १७० देईल असा, म्हणजे खोक्यावर २५०-३०० लिहिलेला घ्या. ओझोन सोडणारं किंवा आयोनायझरच्या नावावर विकलं जाणारं काही घेऊ नका, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. आणि ऑर्डर करायच्या आधी त्या मॉडेलचा बदली फिल्टर मिळतो का अन् केवढ्याला, ते विचारा, स्वस्त मशीनचा फिल्टर महाग असतो.

एकच असेल तर बेडरूममध्ये ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, दार बंद करून. रात्री दाराची फट आणि प्युरिफायर यांचं जमत नाही असं वाटेल, पण चार बोटांची फट चालते, हॉलची खिडकी तेवढी बंद ठेवा. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड किंवा गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बाहेरची जाळीदार प्री-फिल्टर पंधरा दिवसांनी ब्रशनं साफ करा, आतला हेपा धुवायचा नाही, पाण्यानं त्याचे धागे बिघडतात.

कूलर सुरू झाला की प्युरिफायरचा उपयोग संपला, दार-खिडक्या उघड्या असताना तो काय साफ करणार. मार्चमध्ये प्री-फिल्टर पुसून, मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर टाका, अन् दसऱ्याच्या आसपास काढाल तेव्हा फिल्टरवरची तारीख बघून बदलायचा असेल तर तेव्हाच मागवा, दिवाळीत सगळेच मागवतात आणि स्टॉक संपतो.